दहावा माणूस न होण्याचे उपाय (नोव्हेंबर २०२१)

कोरोनाची लस टाळायची आहे ना? मग थोडी तयारी लागते. गेल्या मंगळवारी आईच्या दुसऱ्या डोससाठी रजा टाकून माहेरी गेले होते, तेव्हा या विषयातले अकरा जाणकार एकाच टपरीवर बसलेले भेटले. त्यांच्याकडून जे शिकले ते तुमच्याही उपयोगी पडावं.

आधी गणित समजून घ्या. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असतात. बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात निळी पेटी घेऊन बसलेली सिस्टर माणसं जमेपर्यंत बाटली फोडत नाही. डोस वाया गेले तर जाब तिलाच द्यावा लागतो. म्हणजे बघा, फक्त तुम्ही आला नाहीत तर तुमची लस तर टळतेच, शिवाय आलेल्या नऊ जणांचीही टळते. बसल्या जागी इतकं काम रोजगार हमीवर सुद्धा होत नाही.

आम्ही नऊला जाऊन बसलो. अकरापर्यंत नऊ जण झाले आणि काटा तिथेच अडकला. आई बहात्तर वर्षांची, गुडघे धरलेले, पहिलीतल्या पोरांच्या बाकावर अंग चोरून बसलेली. सिस्टर म्हणाली, "ताई, एक माणूस आणा कुठून तरी, लगेच फोडते." रस्त्यापलीकडे टपरी होती. मी गेले.

पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे "आधी बाकीच्यांचं बघू" असं म्हणणे. हे म्हणताना चहाची बशी हातात असावी. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं, गेल्या महिन्यात २१ ऑक्टोबरला १०० कोटी डोस झाले, तरी बाकीच्यांचं बघून संपत नाही. खरं तर बघायला फार मागे जाता येईल. या देशात देवीची पहिली लस मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली, १४ जून १८०२ रोजी. म्हणजे आपण २१९ वर्षं बघतोय. १८९७च्या प्लेगात हाफकिनसाहेबांनी १० जानेवारीला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर पुढे आले ते भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी. बरोबर आहे, कैद्यांना टपरी नसते.

पळून जाण्याची परंपराही जुनी आहे, लाजू नका. देवी काढायला माणसं गावात आली की पोरं कणगीत दडवायचे. आमच्या आईलाही दडवलं होतं. तिला शिंक आली म्हणून सापडली. दोन्ही दंडांवर चार व्रण आहेत तिच्या, रुपयाएवढे. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडलेला नाही, त्यामुळे ती शिंक फुकट गेली असं म्हणायला हरकत नाही.

उपाय दुसरा: उपास असेल तर उपास सांगा, नसेल तर कालच मटण झालं म्हणा.

तिसरा: लस घेतल्यावर किती दिवस "बसता" येत नाही, ते सिस्टरलाच विचारा. सगळ्यांसमोर.

चौथा उपाय चुंबकाचा. जूनमध्ये नाशिकला एकाच्या अंगावर लस घेतल्यावर नाणी आणि चमचे चिकटले, तो व्हिडिओ अजून जपून ठेवलेला असतो, तो दाखवा. घामट अंगावर नाणं चिकटतं हे प्रत्येक कंडक्टरला माहीत आहे. मीही लस घेण्याआधी पाच रुपयांचं कपाळाला लावून बघितलं होतं, छान राहिलं. पण हे बोलून चर्चेचा रंग घालवू नये.

पाचवा: लस घेणारे सगळे दोन वर्षांत मरणार, असा कुणा नोबेलवाल्या डॉक्टरच्या नावावरचा मेसेज पुढे पाठवा. पाठवण्यापूर्वी डाव्या तळहातावर चुना-तंबाखू मळून घ्यावी. पुडीवर काय छापलंय ते वाचायचं नाही, ते सरकारने छापलेलं असतं.

सहावा उपाय थोडा लांबेल. तो आमच्या चुलतभावाचा.

"त्या लशीत काय घातलंय कुणाला ठाऊक," दादा म्हणाला. "आपण असलं काही अंगात घेत नाही." वा! माणसाने असं चिकित्सक असावं. फक्त दादा, एप्रिलची गोष्ट काढू का? तुझा मेहुणा ऑक्सिजनवर होता आणि तू रात्री अडीचला मला फोन केलास की पुण्यात कुठेही, कितीलाही रेमडेसिविरचं इंजेक्शन बघ. कुणाच्या तरी ओळखीने एक माणूस पेट्रोल पंपाच्या मागे दोन बाटल्या घेऊन आला. पंचवीस हजाराला एक. पावती नाही, बिल नाही, बाटलीवरचं लेबल ओलं. त्या वेळी तू विचारलंस का आत काय घातलंय? जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरातच रेमडेसिविर वापरू नका म्हणून सांगितलं होतं, ते वाचलंस? डॉक्टरने चिठ्ठीवर "आणा" लिहिलं आणि आपण सगळे पळालो. मीही पळाले. नदीत उतरून पाणी आण म्हणाले असते तर तेही आणलं असतं आपण, आणि टोचून घेतलं असतं. तेव्हा चिकित्सा कुठे गेली होती? आणि आता कोट्यवधी लोकांनी घेतलेली, पुण्यातच तयार झालेली, फुकटात मिळणारी, समोर बसून सिस्टर हातात देते ती बाटली, तिच्यात काय आहे हा प्रश्न पडतो? मेहुण्याच्या दहाव्याला तू नदीवर उभा होतास. पाचच माणसांना परवानगी होती. कावळा शिवेना म्हणून हात जोडून म्हणालास, पोरांचं सगळं बघतो. हेच का ते बघणं?

असो. उपाय सांगत होते.

सातवा उपाय टपरीवाल्याने हळूच सांगितला. "ताई, टोचल्याशिवाय नुसतं सर्टिफिकेट होईल का बघा की." मुंबईत लोकलला २०२१ साली दोन डोस लागत होते, औरंगाबादला पेट्रोल-रेशनला लावलं होतं म्हणतात. म्हणजे सुई नको, कागद हवा. ज्या कागदावर पंतप्रधानांचा फोटो आहे तो खरा, आणि दंडात जाते ती खोटी.

सरकारचं सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. मेमध्ये लोक मागत होते तेव्हा लस नव्हती. दोन डोसांतलं अंतर आधी २८ दिवस, मग सहा ते आठ आठवडे, मग बारा ते सोळा, असं वाढत गेलं; माणसाने शंका घ्यायची नाही तर काय करायचं? आणि मी स्वतः पुण्यातून गाडी काढून पन्नास किलोमीटरवरच्या खेड्यात लस घेतली, कारण पहाटे तिथला स्लॉट हाताला लागला. त्या गावचे लोक आपल्याच शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून आमच्या गाड्या बघत होते. त्यांच्यातला कुणी आज लस नको म्हणाला तर मी खाली मान घालीन. टपरीवरच्यांनी मात्र ते कारण सांगू नये. त्यांच्यासाठी आशाताई चार वेळा घरी येऊन गेली आहे.

शेवटी दहावा माणूस मिळाला. शाळेमागच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. त्यातली एक बाई पाण्याची कळशी भरायला आली होती. आशाताईने तिला विचारलं. ती म्हणाली, "घीन की. पण उद्या ताप आला तर खाडा पडंल, मुकादम पैसे कापतोय." सगळ्या सकाळीत मी ऐकलेलं हे एकच खरं कारण. सिस्टर म्हणाली, एखादा दिवस कणकण येते, गोळी देते. बाईने क्षणभर फडाकडे बघितलं, कळशी खाली ठेवली, आणि चोळीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आधारची झेरॉक्स काढली. मोबाइल नवऱ्याकडे, तो फडात. मी माझा नंबर दिला.

बाटली फुटली तेव्हा बारा वाजून गेले होते. आईला उठताना दोघींनी धरावं लागलं.

आता सरळच सांगते. तुम्हाला भीती वाटत नाही. भीती त्या बाईला वाटत होती, तरी ती आली. तुम्हाला कंटाळा येतो, आणि त्याला तुम्ही विचार म्हणता. पायाखालचा रस्ता ओलांडायला अकरा पुरुषांना जमलं नाही, आणि ज्या बाईचा एक दिवस बुडाला तर चूल थंडावते, तिने तुमची दहावी जागा भरली. दुपारी तुम्ही जेवून झोपलात. ती परत मोळ्या बांधायला गेली.

तिच्या डोसचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला आहे. दुसऱ्या डोसची तारीख फेब्रुवारीतली. टोळी तेव्हा कुठल्या फडात असेल ते मुकादमाकडून काढायला सांगितलंय. त्या दिवशीही नऊच जण जमले, तर मी टपरीवर येणार आहे. आणि त्या वेळी मी "दादा" म्हणणार नाही.