साठ मुलांच्या वर्गात गोड बोलून भागतं का?

नमस्कार सर,

इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. वर्ग धाकानं नाही, नेमक्या सूचनांनी आणि काही नियम मुलांनाच ठरवू देऊन सांभाळावा, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा: आमच्या वेळी नुसत्या नजरेनं वर्ग गार पडायचा; आता साठ पोरांपुढे गोड बोलत बसलं तर पोर्शन कधी संपणार? आणि नियम मुलांनाच विचारून करायचे तर शाळा चालवायची कोणी?

गोड बोला, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. नेमकं बोला, असं म्हटलंय. ‘शिस्तीत बसा रे’ हे पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात ऐकू येतं, पण त्यावर सातवीतल्या पोरानं करायचं काय? हाताची घडी घालायची, वही काढायची की नुसतं गप्प बसायचं? मधली सुट्टी संपताना मी दारातच उभी असते. “बाटली खाली, भूमितीची वही बाकावर, कंपासपेटी बंद.” एवढंच. सगळ्यांचं होईपर्यंत पुढचा शब्द नाही. गोंगाटावर आवाज चढवला की मुलं एवढंच शिकतात, की बाई ओरडेपर्यंत ऐकायची गरज नसते.

पटाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक आहे; वर्गात काय असतं ते आपण दोघंही जाणतो. पण साठ जणांमागे धावता येत नाही, म्हणूनच सूचना एकदाच आणि स्पष्ट द्यावी लागते.

छडीचं म्हणाल तर २००९ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ज्यांचा धाक मोठा, त्यांच्याच वर्गात ऑफ तासाला काय चालतं ते एकदा बाहेरून ऐका. मॉनिटरनं फळ्यावर नावं लिहिणं हाही त्याचाच धाकटा भाऊ. दोस्तांची नावं कधी येत नाहीत!

जेकब कौनिन या अमेरिकन संशोधकानं १९७० च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय. मुलं बिघडल्यावर शिक्षक कसे रागावतात, यानं फारसा फरक पडत नव्हता. वर्गात कुठे काय चाललंय याची जाण शिक्षकाला आहे, हे मुलांना दिसलं की फरक पडत होता.

गणपतीच्या आधीचे दिवस घ्या. नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की आमच्या मागच्या बाकावरही ताशा वाजतो, दोन पट्ट्यांवर. फळ्यावरून नाव घेऊन झापलं असतं तर अख्खा वर्ग हसला असता आणि तो हिरो झाला असता. मी शिकवतच त्याच्या बाकाशी गेले, हळूच म्हटलं, “पट्ट्या पेटीत. तिसरं उदाहरण सोडव, मी येते बघायला.” आणि गेलेही बघायला. हे ‘गेलेही’ महत्त्वाचं, कारण न पाळलेली ताकीद पोरं बरोब्बर लक्षात ठेवतात.

राहिला नियमांचा प्रश्न. सगळे नियम मताला टाकायचे नसतात. प्रयोगशाळेत बर्नरजवळ ओढणी, मोकळे केस चालणार नाहीत. तिथे कारण सांगायचं, कौल घ्यायचा नाही. पण गटात काम करताना किती आवाज चालेल, पाण्याला कोणी कधी उठायचं, हे मुलांनी ठरवलं तर माझं काय बिघडतं? आमच्या वर्गानं एका वेळी एकानंच उठायचं ठरवलं. आता दुसरा उठला की त्याला बसवायला मला तोंड उघडावं लागत नाही.