खालच्या खाचरात चार गाळे

गेल्या रविवारी भिवंडीहून काकांचा फोन आला. "खालच्या खाचरात भराव टाकतोय, गोदामाचे चार गाळे काढायचेत. तुझी सही लागेल." बाबांच्या मागे सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून ही विचारणा. वर ठेवणीतलं वाक्य होतंच: "तुम्ही तिकडे अमेरिकेत बसून शेती वाचवा म्हणता, तिकडे काय गोडाऊनं नाहीत?"

आहेत की! मी राहतो त्या डंडॉकपासून दहा मिनिटांवर, बाल्टिमोर बंदराच्या तोंडाशी, स्पॅरोज पॉइंटला. 1889 पासून 2012 पर्यंत तिथे पोलाद बनत होतं. 1950 च्या दशकात तो जगातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना होता, तीसेक हजार कामगारांचा. आमच्या शेजारचे आजोबा सांगतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ बसायची आणि आई म्हणायची, धूळ आहे तोवर पगार आहे. 2015 च्या जानेवारीत शेवटची मोठी भट्टी सुरुंग लावून पाडली. आता तीन हजारांहून जास्त एकरांच्या त्या जागेवर अ‍ॅमेझॉन, फेडेक्स, होम डेपो. अ‍ॅमेझॉनचं एकच गोदाम साडेआठ लाख चौरस फुटांचं, म्हणजे वीसेक एकर एका छपराखाली.

यात अमेरिकेचं शहाणपण फारसं नाही. कोक भट्ट्यांखालच्या पाण्यात बेंझिनसारखं विषारी रसायन उतरलेलं, तिथे घर कोण घेणार? गोदामाला मात्र असली जमीन चालते. शेजारी रेल्वे आणि खोल पाण्याचा धक्का आयता मिळतो, आणि काँक्रीटची लादी दूषित मातीवर झाकणासारखी बसते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. 2014 मध्ये जागा घेणाऱ्यांना सफाईसाठी 4 कोटी 80 लाख डॉलर बाजूला ठेवावे लागले, तेव्हा कुठे काम सुरू झालं. कामगारांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. जुनी कंपनी बुडाली तेव्हाच निवृत्तांचा वैद्यकीय विमा गेला. आजोबांचा नातू आज त्याच जागेवर खोकी उचलतो, आणि आजोबांना त्याचा पगार ऐकवत नाही.

आपल्याकडे गाडी उलटी. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. 1991 च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक स्वस्त घरांना, एक मालकाला; 2001 मध्ये हे वाटे गिरणीच्या आवारातल्या फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले, आणि लालबाग-परळला टॉवर आणि मॉल उभे राहिले. बंद कारखान्याच्या जागेला घरांचा भाव मिळतो, तिथे गोदाम कोण बांधणार? मग ते मुंबईच्या जकातीबाहेर, भिवंडीजवळच्या काल्हेर-मानकोलीच्या भातखाचरांत आलं. जकात गेली, गोदामं राहिली. 'शेती की विकास' हा वाद आपण तिथे, खाचराच्या बांधावर घालतो. तो बंद गिरणीच्या फाटकाशी घालायला हवा होता. माझ्या काकांना दोष देऊन काय होणार? भाताला भाव नाही, गाळ्याला दरमहा भाडं आहे.

तरी मी एक विचारलंच, भराव टाकल्यावर वरच्या अंगाचं पाणी कुठे जाणार?

"जाईल की रस्त्यावर," काका म्हणाले. रस्त्यापलीकडे आत्याचं खाचर आहे. सही मी अजून केलेली नाही.