नुसतं ‘छान’ नको

समूहावर कथा टाकून दोन मिनिटं होत नाहीत तोच ‘छान’, ‘पुलेशु’ (म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा), फुलांचे गुच्छ. अहो, वाचली कधी? परवा आपल्याच इंदूरच्या एकाची कथा वाचली. नायिका मध्यरात्री सराफ्यात पाटल्या मोडायला जाते! त्या वेळी सराफांची दुकानं बंद असतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, जिलबी विकतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही खटकलं नाही. मी लिहिलं, प्रसंग दुपारी घ्या. सासूचे संवाद मात्र फार जिवंत उतरलेत. तर लेखक फुरंगटून बसले! मग ‘परखड अभिप्राय द्या’ म्हणता कशाला? नीट वाचून, विचार करून लिहिलं होतं हो मी. सासूबद्दलचं वाक्य तर त्यांनी वाचलंसुद्धा नसेल.