न बघता हादरावे कसे

मे महिन्यात मुलाकडे लंडनला चाललात, म्हणजे एक संध्याकाळ नाटकाची असणारच. सूनबाईंनी तिकिटं आधीच काढून ठेवलेली असतात आणि तिकडच्या रंगमंचावर काय काय दाखवतात हे तुम्ही कुणाकुणाकडून ऐकलेलं असतं. घाबरू नका. धक्का बसवून घेणं ही ब्रिटिश आणि आयरिश रंगभूमीवरची जुनी, मानाची कला आहे. ती वाढवण्यात नटांपेक्षा प्रेक्षकांचे कष्ट जास्त आहेत. थोडी पूर्वतयारी केलीत तर तुम्हालाही जमेल.

सगळ्यात आधी, कशाने हादरायचं ते ठरवा. खुनाने हादरायचं नाही. नवशिके तिथेच फसतात. जानेवारी 1907, डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर, 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या नाटकाचा पहिला प्रयोग. लेखक जे. एम. सिंग (आडनाव सिंग असलं तरी पंजाबशी संबंध नाही). एक भेदरलेला पोरगा आडगावच्या गुत्त्यात येतो आणि सांगतो, मी फावड्याने बापाला मारून आलोय. गाव काय करतं? त्याला तिथेच कामाला ठेवून घेतं. गावच्या पोरी बदकाची अंडी, लोणी, कोंबडी असा आहेर घेऊन त्याला बघायला येतात. इथवर प्रेक्षागृह शांत. नाट्यगृहाच्या संचालक लेडी ग्रेगरी यांनी पहिल्या अंकानंतर स्कॉटलंडला असलेल्या कवी येट्स यांना तारही केली, नाटक झकास चाललंय. मग तिसऱ्या अंकात त्या पोराच्या तोंडी 'शिफ्ट' हा शब्द आला. शिफ्ट म्हणजे तेव्हाच्या बायका आतून घालायच्या तो साधा झगा. दुसरी तार गेली : 'शिफ्ट' शब्दावर प्रेक्षकांत गोंधळ, प्रयोग उधळला. पुढच्या प्रयोगांना पोलीस बोलवावे लागले. बापाच्या डोक्यात फावडं बसलं तर बसू दे, पण बाईच्या अंगात आतून काय आहे ते चारचौघांत बोलायचं नाही! कोणत्याही गावकीला पटेल असाच निवाडा आहे.

एक धोक्याची सूचना. त्याच नाटकात पुढे बाप जिवंत निघतो, डोक्याला फडकं बांधून पोराला शोधत येतो. पोरगा त्याला पुन्हा फटका घालतो, या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा कालपर्यंत त्याच्यावर जीव टाकणारी गुत्तेवाल्याची पोरगी पेगीन म्हणते की, ऐकायला रंगतदार गोष्ट वेगळी आणि आपल्या परसात घडलेलं घाणेरडं कृत्य वेगळं. म्हणते आणि पेटतं ढेकूळ त्याच्या पायाला लावते. हा प्रवेश चालू असताना कृपया चष्मा पुसत बसा. तो नीट पाहिला, तर नाटक आपल्याचबद्दल आहे अशी शंका येते आणि मग खणखणीत हादरता येत नाही.

आता बसायचं कुठे? शक्य तो घरीच. तो मान मेरी व्हाइटहाउस बाईंचा, टीव्हीवरच्या आणि रंगमंचावरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या. 1980 साली नॅशनल थिएटरने हॉवर्ड ब्रेंटन यांचं 'द रोमन्स इन ब्रिटन' केलं. त्यात रोमन सैनिक एका तरुण ड्रुइडवर (म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितावर) रंगमंचावर बलात्कार करायला जातो. व्हाइटहाउस बाईंनी नाटक पाहिलं नाही. त्यांनी आपल्या वकिलाला पाठवलं आणि दिग्दर्शक मायकेल बॉग्डानॉव्ह यांच्यावर खटला भरला, तोही 1956च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यातलं, पुरुषांमधल्या असभ्य वर्तनाचं कलम शोधून. 1982मध्ये प्रकरण ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या बड्या फौजदारी कोर्टात, उभं राहिलं. साक्षीदार वकीलसाहेब म्हणाले, नटाचं लिंग आपण डोळ्यांनी पाहिलं. बसला होतात कुठे? अगदी शेवटच्या रांगेत. मग बचावाच्या वकिलांनी आपल्या काळ्या झग्यातून अंगठा बाहेर काढून दाखवला : हाच तर नव्हे ना? साक्षीदाराला ठामपणे नाही म्हणता येईना. खटला गुंडाळला गेला. इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेने अंगठ्याचा इतका कसून विचार क्वचितच केला असेल.

या गडबडीत नाटक कशाबद्दल होतं हे बहुतेकांच्या लक्षातून गेलं, आणि तीच तर या पद्धतीची खुबी आहे. त्यात सीझरची फौज अखेर आजच्या ब्रिटिश सैन्याच्या वेषात येते आणि पुढची गोष्ट आयर्लंडमध्ये जाते, ज्याच्या उत्तर भागात तेव्हा खरोखरच ब्रिटिश सैनिक बंदुका घेऊन रस्त्यांवर फिरत होते. त्याबद्दल कोणी ओल्ड बेलीत गेलं नाही. अंगठा कसा, हाताशी असतो.

वेळेचंही गणित सांभाळा. लेखक हयात असेतो किळस, नंतर आदर. सारा केन हिचं 'ब्लास्टेड' जानेवारी 1995मध्ये रॉयल कोर्ट (हे कोर्ट नव्हे, लंडनचं नाट्यगृह) इथल्या माडीवरच्या छोट्या थिएटरात आलं. ती 23 वर्षांची होती. लीड्समधल्या हॉटेलच्या खोलीत एक पत्रकार, एक मुलगी, आणि मग दार ठोठावून आत येतं ते थेट युद्ध. बॉस्नियातल्या बातम्या टीव्हीवर पाहता पाहता नाटकाने हे वळण घेतलं होतं. 'डेली मेल'च्या समीक्षकाला मात्र त्यात 'घाणीची किळसवाणी मेजवानी' दिसली. त्याच आठवड्यात जपानमध्ये कोबेला भूकंप होऊन सहा हजारांवर माणसं गेली होती. केनचं म्हणणं होतं की तिकडे गेला नाही इतका शाईचा पूर आपल्या नाटकावर आला. बरोबरच आहे. भूकंपाला लेखिका नसते, शिव्या कोणाला घालणार? पुढे 1998 साली आलेल्या तिच्या नाटकात माणसांचे हालहाल करणाऱ्या पात्राचं नाव टिंकर आहे. 'मेल'च्या त्या समीक्षकाचं आडनावही टिंकरच होतं. असतात योगायोग. 1999मध्ये, अवघ्या 28व्या वर्षी, केन गेली. 2001मध्ये रॉयल कोर्टनेच 'ब्लास्टेड' पुन्हा केलं, या वेळी मोठ्या रंगमंचावर, आणि आधी नाकं मुरडलेल्या समीक्षकांपैकी काहींनी आपलं चुकलं असं लिहिलं. हे तुम्हालाही करता येईल. फक्त सहा वर्षं थांबायचं.

रक्त किती जुनं आहे तेही विचारून घ्या. 'किंग लिअर'मध्ये म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे रंगमंचावरच फोडतात, पण त्या रक्ताला चारशे वर्षं झाली, म्हणून ते अभ्यासक्रमात. एडवर्ड बाँडच्या 'सेव्ह्ड'मध्ये बागेत बाबागाडीतल्या तान्ह्या बाळावर तरुण पोरं दगड मारतात. ते रक्त 1965चं, ताजं, म्हणून कोर्टकचेरी. आणि चक्करच येऊन पडायची हौस असेल, तर ग्लोब थिएटरात 'टायटस अँड्रॉनिकस' लागलंय का पाहा. 2014च्या प्रयोगांत तिथे बरेच प्रेक्षक कोसळले होते. अंगणात उभं राहायचं तिकीट तेव्हा पाच पौंड होतं. मात्र तासन्‌तास उभं राहिल्यावर चक्कर रक्ताने आली की गुडघ्यांनी, ते डॉक्टरांना खरं सांगा.

'आपल्याकडे नाही हो असलं काही,' असं मध्यंतरात आइस्क्रीमचा डबा हातात धरून म्हणायचा मोह होईल. जपून. नाटकांवर बंदी घालायचा 1876चा कायदा याच साहेबाने आपल्याला दिला. 1907च्याच 'कीचकवधा'त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे त्याने बिनचूक ओळखलं होतं. 1968 साली त्याने आपल्या देशातली नाटकांची सेन्सॉरशिप मोडीत काढली. आपण वारसा टाकणाऱ्यांतले नाही. 1970च्या, तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त साडीवरचा रक्ताचा लाल डाग सेन्सॉर मंडळाला सोसला नाही, तेव्हा डॉ. लागूंनी तो निळा केला आणि निळा डाग लाल समजावा असं प्रेक्षकांना जाहीर सांगितलं. सूनबाईंना हा किस्सा सांगा, भाव वधारेल.

अगदीच काही साधलं नाही, तर मार्टिन मॅकडॉनाचं 'द लेफ्टनंट ऑफ इनिशमोर' गाठा. 2001चं आहे. त्यात एक अतिरेकी एका माणसाला उलटा टांगून त्याच्या पायाची नखं उपटत असतो. एवढ्यात घरून फोन येतो, मांजराची तब्येत बरी नाही. गडी हुंदके देऊन रडायला लागतो. शेवटी रंगमंचभर प्रेतांचे तुकडे, रक्ताचा सडा, त्यात दोघंजण करवत चालवतायत आणि प्रेक्षक हसतायत. मग ते मांजर, खरंखुरं, जिवंत, आरामात आत येतं. दोघं त्याच्यावर पिस्तुलं रोखतात. सगळं थिएटर श्वास धरून बसतं.

तुमचा धक्का या क्षणासाठी राखून ठेवा. आधीच्या दीडदोन तासांत तो खर्च करू नका. बाहेर पडल्यावर सूनबाई विचारतीलच, बाबा, कसं वाटलं? घाम पुसत म्हणा, 'चांगलं होतं. मांजराला काही केलं नाही ना त्यांनी.'