खुलासा : चार तुकड्यांचा ब्लँक कमजोर नसतो

इंदूरच्या आपल्या मासेमारीवाल्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय : ‘प्रवासी फ्लाय रॉड बांधायचा तर दोन तुकड्यांचाच ब्लँक घ्या, चार तुकड्यांचा सांध्यात मोडतो.’ (फ्लाय रॉड म्हणजे कृत्रिम माशीचा गळ फेकायची लवचीक काठी; ब्लँक म्हणजे तिची नुसती दांडी, जिच्यावर मूठ आणि कड्या बसवून रॉड बांधतात.) हे खरं नाही. नवशिके यापायी चुकीचा ब्लँक मागवतायत, म्हणून लिहितोय.

ही समजूत जुन्या बांबूच्या रॉडांपासून आलेली आहे. त्यांचे सांधे धातूचे, जड. तिथे रॉड वाकतच नसे. आताच्या कार्बन ब्लँकमध्ये एक तुकडा दुसऱ्यावर टोपणासारखा बसतो आणि सांधाही सोबत वाकतो. थोडं वजन वाढतं, हे मान्य.

सांधा मोडतो तो बहुधा सैल झाल्यामुळे. फेकताना तुकडा हळूहळू सरकतो, आणि जेमतेम अडकलेल्या कडेवर सगळा ताण येऊन ती उभी चिरते. म्हणून बांधताना बाहेरच्या तुकड्याच्या तोंडाशी दोरा घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा आणि त्यावर इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या राळेचा) हात द्या. ही जागा कधीच मोकळी सोडू नका. नदीवर अधूनमधून सांधे चाचपत राहा.

लांबीचं म्हणाल तर ९ फुटी रॉडचे दोन तुकडे साधारण ५६ इंचांचे होतात. नर्मदेकाठच्या बडवाहला जाणाऱ्या बसमध्ये ते ठेवणार कुठे? चार केले तर जेमतेम २९ इंच. विमानातल्या ५५ सेंटीमीटरच्या बॅगेत मात्र तेही मावत नाहीत, त्यासाठी सहा तुकड्यांचा बघा.