विंचवाचं बिऱ्हाड

आमच्या सोसायटीच्या गेटात एक स्पीडब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून होडीसारखी अलगद वर जाते आणि खाली येते. आमचा ब्रेकर कमिटीने क्लब हाऊसच्या कामातून उरलेल्या सिमेंटमध्ये एका रविवारी करून घेतला. त्याला माप असं नाही. सिमेंट संपलं तिथे तो संपला. उंचीला पर्वतीचा धाकटा भाऊ, रुंदीला पोळपाट.

आणि माझ्याकडे फियाटची अबार्थ पुंटो आहे.

ही गाडी २०१५ साली आली. नाव इटालियन, पण तयार व्हायची आपल्या रांजणगावात, गणपतीच्या शेजारी. दिसायला पुंटोच, फक्त अंगावर लाल पट्टे आणि पोटात १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवरचं. जाणकार म्हणतात ही स्पोर्ट्स कार नव्हे, ही तापट हॅचबॅक. म्हणोत बापडे. ज्या घरात आधी वॅगनआर होती त्या घरात ही स्पोर्ट्स कारच. मी सेकंडहँड घेतली तेव्हा आई ओवाळायला ताट घेऊन खाली आली, कुंकवाचं बोट बॉनेटपर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

"अरे, इथे विंचू आहे."

"आई, ते कंपनीचं चिन्ह आहे. ज्यांनी कंपनी काढली त्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती."

"चंद्ररास?"

"नाही, त्यांच्याकडे सूर्यावरून धरतात."

"मग काही खरं नाही," असं म्हणून तिने स्वस्तिक काचेवर काढलं.

तर या विंचवाचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर, १५५ मिलिमीटर. हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो, हे मला आमच्या गेटात कळलं. मी एकटा असलो तर प्रश्न नाही. रविवारी सगळे जेवायला बाहेर निघालो की मात्र विधी सुरू होतो. ब्रेकरच्या आधी चार फुटांवर गाडी थांबते. बायको आणि मुलगी न बोलता उतरतात. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती बसून राहते आणि डोळे मिटते. मी स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी तिरकी लावतो. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं. वॉचमन गुडघ्यावर बसून गाडीच्या पोटाखाली बघतो आणि हाताने खुणावतो, "येऊ द्या, येऊ द्या... बास! आता थोडं... येऊ द्या." मागे तीन-चार गाड्या हॉर्न देत असतात. एवढं करूनही कधीकधी तो आवाज येतोच. खर्रर्र. नारळ खवताना खवणीवर नख घासावं तसा. आई डोळे न उघडता विचारते, "लागलं का रे?" गाडीला की मला, हे ती कधी स्पष्ट करत नाही.

गेल्या वर्षी पाच वर्षांची आरडी पूर्ण झाली आणि पावणेतीन लाख हातात आले. आरडी कशासाठी काढली होती ते कोणाला आठवेना. घरात बिनकामाचा पैसा आला की माणसाच्या डोक्यात किडा येतो. माझ्या डोक्यात दोन आले.

पहिला गॅरेजमध्ये शिरला. आमचे मिस्त्री स्पॅनरपेक्षा लॅपटॉप जास्त वापरतात. त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर हिशेब मांडला. ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनच्या मेंदूला नवी शिकवणी. एअर इनटेक. एक्झॉस्ट. चांगले टायर. आणि गाडी पस्तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. "साहेब, पॉवर एकशे सत्तरच्या वर जाते," मिस्त्री म्हणाले. खाली दोन लाख साठ हजार लिहून त्यांनी दोन रेघा मारल्या.

मी मनातल्या मनात १५५ मधून ३५ वजा केले आणि मला वॉचमन दिसला. या वेळी तो गुडघ्यावर नव्हता, पालथा झोपला होता.

"स्प्रिंगा सोडून बाकीचं?"

"मग काय मजा?" मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेल्या आचाऱ्यासारखा होता. अळूची भाजी करा, पण अळू नको, असं मी म्हणालो होतो बहुधा. शिवाय एक्झॉस्टचंही खरं नव्हतं. कंपनीतून निघालेल्या गाडीत परस्पर फेरफार करायला कायद्याची मनाई आहे, आणि आवाज करणारे सायलेन्सर पकडून त्यांच्यावरून रोलर फिरवल्याचे फोटो मी स्वतः चवीने पाहिले आहेत.

दुसरा किडा मोटारसायकलचा. ज्या शहरात माणूस दूध आणायलाही दुचाकी काढतो, त्या पुण्यात जन्मून मी गियरची गाडी कधी चालवलेली नाही. कॉलेजात कायनेटिक होंडा होती. पीळ दिला की पुढे जायची. तिच्यावरून थेट चारचाकीत बसलो, त्यामुळे लायसनवर दुचाकीच्या रकान्यात 'विदाउट गियर' असं कायमचं लिहून राहिलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हे बायोडेटातल्या नापास वर्षासारखं टोचायला लागलं.

मी शोरूममध्ये जाऊन ट्रायम्फ स्पीड ४०० वर बसलो. ३९८ सीसी, ४० हॉर्सपॉवर, आणि ही तर चाकणची. म्हणजे माझी इटालियन रांजणगावची आणि माझी इंग्रज चाकणची. पंचक्रोशीच्या बाहेर माझी स्वप्नंसुद्धा जात नाहीत. सीटची उंची ७९० मिलिमीटर. दोन्ही पाय टेकले आणि मला उगाचच आपण उंच आहोत असं वाटलं. आसपास कोणी नाही असं पाहून मी तोंडाने हळूच आवाज काढला. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "चालू नाही व्हायची ती, चावी सायबाकडं असते."

घरी येऊन मी कागदावर गणित मांडलं. माझी कार साधारण बाराशे किलो, म्हणजे एका घोड्याने सव्वाआठ किलो ओढायचे. ही १७६ किलो, म्हणजे एका घोड्याला जेमतेम साडेचार. कागद बायकोपुढे ठेवला. हिने पेन घेतलं, १७६ च्या खाली ९२ लिहिलं, बेरीज करून भागाकार केला. उत्तर पावणेसात आलं.

"हे ९२ काय?"

"तू."

माझं वजन मी कारमध्येही सोबतच नेतो, हा मुद्दा मला रात्री अंथरुणात सुचला.

खरं म्हणजे दोन्हींचा उपयोग तोच, शून्य. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर १४५ घोडे आणि १७० घोडे नळ स्टॉपपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सारखेच रांगतात. एक्स्प्रेसवेवर कार पळवावी तर तिथे शंभरची मर्यादा आणि घाटात साठ. मोटारसायकल तर एक्स्प्रेसवेवर चालतच नाही. म्हणजे अडीच लाख रुपये भरून, आता आपण जोरात जाऊ शकतो, एवढी माहिती विकत घ्यायची. पण ही माहिती रात्री झोप लागताना फार उपयोगी पडते. बायकांना हे कळत नाही असं मी लिहिणार होतो, पण पुढे जे घडलं त्यामुळे ते वाक्य मागे घेतो.

झालं असं, की मी घरबसल्या ऑनलाइन अर्ज करून लर्निंग लायसन काढलं. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसनची टेस्ट किमान तीस दिवसांनी देता येते. सरावाला चिंचवडच्या मेहुण्याने जुनी स्प्लेंडर आणून दिली. मी पुढे-मागे लाल 'एल' चिकटवला आणि नियम वाचला. शिकाऊ माणसाने मोटारसायकलवर मागे कोणालाही बसवायचं नाही. बसलाच तर शिकवणारा, आणि त्याच्याकडे त्या गाडीचं लायसन हवं.

"आता असा कोण शोधू?" मी म्हणालो.

ही भाजी निवडत होती. हात पुसून उठली, पर्स आणली आणि लायसन माझ्यापुढे ठेवलं. विथ गियर. सांगलीत बीएस्सीला असताना काढलेलं आणि वेळेवर रिन्यू करून घेतलेलं.

"तू चालवायचीस?"

"अण्णांची राजदूत. शेतावर डबा न्यायला."

"लग्नाला अठरा वर्षं झाली. सांगितलं नाहीस कधी?"

"तू विचारलं नाहीस. तू आपला टॉर्क सांगत होतास."

मग रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. दोन नवी हेल्मेटं. ज्या शहरात २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीच्या विरोधात आंदोलनं झाली, तिथे सकाळच्या थंडीत दोन माणसं दोन्ही हेल्मेटं घालून पार्किंगमध्ये उभी आहेत हे पाहून सेक्रेटरीकाका पेपर घेऊन जाता जाता थांबले आणि "कुठे लांब का?" असं विचारते झाले. "गेटापर्यंत," मी म्हणालो.

स्प्लेंडरचे चारही गियर पुढे दाबून पडतात, ट्रायम्फचा एक खाली आणि बाकी वर. म्हणजे इथे शिकलेलं तिथे उपयोगाचं नाही, असं मी सांगू लागलो तेव्हा मागून हेल्मेटवर टिचकी बसली. "क्लच सोड. हळू. हळू म्हणजे एकदम नाही." गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा एक गचका देऊन निघाली आणि चक्क चालत राहिली. बी विंगचा कोपरा गेला. विसर्जनाचा हौद गेला. मी दुसरा टाकला. मागून सूचना येईनाशा झाल्या, म्हणजे आपलं बरं चाललंय, असं वाटून मला भरून आलं.

समोर गेट आलं. मी वेग कमी केला, ब्रेकरच्या आधी चार फुटांवर थांबलो, हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं आणि आधी पुढचं चाक तिरकं चढवलं. मागे सीट हलकी झाल्यासारखी वाटली. वळून पाहिलं तर ही खाली उतरून, पर्स सांभाळत, ब्रेकरच्या कडेने चालत पलीकडे निघाली होती.

आणि वॉचमन गुडघ्यावर बसून स्प्लेंडरच्या खाली बघत होता.

"नाही लागत साहेब," तो म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या."