स्वयंपाकघराच्या नकाशात डिशवॉशरला जागा द्या

गेल्या महिन्यात आमच्याकडे डिशवॉशर आला. आला म्हणजे खोक्यातून हॉलमध्ये आला आणि पुढचे नऊ दिवस तिथेच उभा राहिला. बसवणारा माणूस ठरल्या वेळी आला, ओट्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पाण्याचा पॉइंट नाही, ड्रेनचा नाही, सोळा अँपियरचा सॉकेट नाही. आधी एवढं करून घ्या, मग फोन करा." पाच मिनिटांत गेलासुद्धा. त्याचं काही चुकलं नाही. पण दुकानात पैसे भरताना यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय. मशीन घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त ज्यांनी आत्ता फ्लॅट बुक केलाय किंवा ज्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीय त्यांच्यासाठी.

आमची इमारत पुण्यातली, २००८ ची. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. ओटा तेव्हाच्या पद्धतीचा, खाली उभे कडाप्पे आणि वर ग्रॅनाइट. मशीन ६० सेंटिमीटर रुंद, ८५ उंच. ओट्याखाली टेप लावली तर मोकळी उंची ७६. वरचं झाकण काढलं तरी मशीन ८२ च्या आसपास राहतं, म्हणजे तोही मार्ग बंद. शेवटी खिडकीकडच्या टोकाचा ६२ सेंटिमीटरचा ओटा कापायचं ठरवलं.

मिस्त्रीकाकांनी कापायच्या रेषेच्या अलीकडे आधी नवा कडाप्पा उभा केला आणि सिमेंट धरायला दोन दिवस सोडले. मी घाई करत होते. ते म्हणाले, "ताई, ग्रॅनाइट अधांतरी राहिला तर गॅसच्या खालून तडा जाईल." तिसऱ्या दिवशी कटर लावला. एकजण बाटलीने पाण्याची धार धरून होता, तरी करड्या चिखलाचे शिंतोडे पार देवघरापर्यंत गेले. आधी मांडणी, फ्रीज, देव सगळं जुन्या चादरींनी झाका, हे कळकळीने सांगते.

मग सिंकखाली हात घातला. तिथे आपल्याकडे बहुतेक घरांत असतो तोच प्रकार होता. सिंकचा कोंबडीच्या मानेसारखा वळणारा प्लास्टिकचा पाइप नुसता जमिनीतल्या भोकात खुपसलेला, भोवती फडकं कोंबलेलं. झुरळं वर येतात ती इथूनच. डिशवॉशरचा ड्रेनही असाच कोंबून देतो म्हणणारा प्लंबर भेटला, तर त्याला नाही म्हणा. आम्ही सिंकला नवा बॉटल ट्रॅप (थोडं पाणी साठवून वास आणि किडे अडवणारी बाटलीसारखी जोडणी) बसवला, ज्याला मशीनच्या पाइपसाठी वेगळं तोंड असतं. तो पाइप ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन, तिथे क्लिपने अडकवून मग ट्रॅपकडे उतरवला. हा उंचवटा दिला नाही तर सिंकचं खरकटं पाणी मशीनमध्ये उलटं येतं.

विजेचं थोडक्यात सांगते. मशीन पाणी स्वतः तापवतं, दोन हजार वॅटच्या वर ओढतं. थेट एमसीबीवरून वेगळी वायर आणि नीट अर्थिंग घ्या. मिक्सरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

एवढं झाल्यावर मशीन चालू केलं आणि दोन मिनिटांत नळाचं चिन्ह लुकलुकायला लागलं. पाणी पोचत नव्हतं. कॉक उघडाच होता, जाळीही स्वच्छ होती. पुस्तिकेत लिहिलं होतं, किमान ०.५ बार दाब हवा. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या डोक्यावरची गच्चीतली टाकी जेमतेम तीन मीटर वर! छोटा प्रेशर पंप बसवल्यावर काम झालं. वरच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्या.

आणि मीठ. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर हे वगळूच नका. मशीनच्या तळाशी पाण्यातला चुना धरून ठेवणारी रेझिन असते, तिला पुन्हा ताजं करायला जाड डिशवॉशर मीठ लागतं. पहिल्या वेळी त्या कप्प्यात आधी पाणी भरायचं, मग मीठ. घरातलं बारीक आयोडीनचं मीठ चालत नाही. पाणी किती जड, म्हणजे क्षारांचं आहे ते पाणी तपासायच्या कागदी पट्टीने बघून मशीनवर तसा आकडा लावा, नाहीतर काचेवर पांढरा थर बसतो आणि दोष मशीनला जातो. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची कढई, तांब्यापितळेची भांडी आणि लाटणं आत घालू नका. ती हातानेच.

"चार माणसांची भांडी, त्याला मशीन कशाला?" हे मला या महिन्यात किमान दहा जणांनी विचारलं. विचारणाऱ्यांपैकी रोज रात्री साडेदहाला सिंकसमोर उभं राहणारं एकही नव्हतं. मी एका रात्री सिंकखाली बादली ठेवून पाणी मोजलं. पंधरा लिटरची बादली तीनदा भरली. मशीन तेवढ्याच भांड्यांना बारा लिटरच्या आत घेतं. आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. एकत्र कुटुंबात चौदा-पंधरा माणसांची भांडी त्यांनी राखेने आणि काथ्याने घासलीत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, थंडीत तळव्यांना भेगा, हे त्यांचं कायमचं. पहिल्या दिवशी दार उघडल्यावर त्यांनी एक स्टीलची वाटी काढली, आतून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "कोरडी आहे गं." मग एकेक करत सगळ्या वाट्यांवरून अंगठा फिरवला.

मावशींचं काय केलं, हा प्रश्न येणार हे माहीत आहे. अकरा वर्षं त्या आमच्याकडे येतात. त्यांचं काम आणि पगार आहे तसाच आहे. मोठी पातेली, तवे त्याच घासतात. सुट्टी घेताना आता त्यांना माझं तोंड बघावं लागत नाही.

जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंना या यंत्राचं पेटंट १८८६ साली मिळालं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांची यंत्रं उपाहारगृहांत चालली. पण गिऱ्हाइकं मिळाली ती मुख्यतः हॉटेलं. साध्या घरांत तेवढं गरम पाणीच नसायचं. आपल्याकडे आज मशीन आहे, पाणी ते स्वतः तापवतं, पण नळ आणि ड्रेन नाहीत. बिल्डर बेडरूममध्ये एसीचा पॉइंट देतो, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा देतो, हॉलच्या छतावर नक्षी काढून देतो. ओट्याखाली मात्र काही नाही. स्लॅबच्या वेळी जे चार पाइपांत झालं असतं, त्यासाठी आम्ही घर फोडलं.

माझ्या धाकट्या बहिणीची डोंबिवलीतली इमारत पुढच्या वर्षी पाडणार आहेत. नव्या फ्लॅटचे नकाशे मागच्या रविवारी सभासदांना दिले. तिने मला फोटो पाठवला, मी त्यावर सिंकच्या डाव्या हाताला चौकोन काढला: रुंदी ६२, उंची ८७, खोली ६५, अँगल कॉक, ड्रेन, सोळा अँपियर. तिने तो कमिटीकडे लेखी दिलाय. आता तिच्या मजल्यावरच्या तिघी शेजारणींनीही सह्या केल्यात.